परमनंट वे

गॅरंटी हा शब्द आमच्या पेडगावात रुळांवरून आला. परभणी सोडून मनमाडच्या दिशेनं निघालेली पॅसेंजर ज्या लाइनवरून आमच्या स्टेशनात शिरते, ती लाइन १९०० च्या सुमारास पडली. तेव्हा ती मीटर गेज होती, तिचं नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, आणि ती चालवणारी कंपनी होती निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. घड्याळाची, मोटारपंपाची, बियाण्याची गॅरंटी देणारे दुकानदार परभणीच्या बाजारात बसायच्या कितीतरी आधी हा शब्द आमच्या शिवारातून शिट्टी मारत जात होता.

आधी एक खुलासा. वेड पांघरून ज्या पेडगावला जातात ते हे नव्हे. ते श्रीगोंद्याचं, भीमेकाठचं, बहादूरगडाचं. पण परभणीबाहेर कुठंही गावाचं नाव सांगितलं की समोरचा गालातल्या गालात हसतो, आणि आम्हीही आता खुलासा करायचं सोडलंय. श्रीगोंद्याच्या त्या किल्ल्याची पडझड झाली, म्हण मात्र शाबूत आहे, आणि तिचा भुर्दंड एका नदीवरून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातल्या गावाला पडतो आहे.

तर गॅरंटी. ती कशाची होती हे मला बऱ्याच उशिरा, हैदराबाद संस्थानाचा इतिहास चाळताना कळलं. तोवर वाटायचं, गाडी वेळेवर येण्याची असेल. तसं काही नव्हतं. १८८३ च्या डिसेंबरात निझाम सरकारचा करार झाला तो लंडनच्या मंडळींशी. तिथल्या भागधारकांनी रेल्वेत घातलेल्या भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याज, वीस वर्षं, सरकार देणार. गाडी नफ्यात चालो की तोट्यात, डब्यात माणूस बसो की न बसो. कमी पडेल ते खजिन्यातून भरायचं, आणि खजिना भरायचा शेतसाऱ्यातून. म्हणजे काळ्या मातीत ज्वारी-कापूस काढणाऱ्या कुणब्यानं, ज्यानं लंडन कुठं आहे हे कधी विचारलं नाही, त्यानं.

ही युक्ती निझामाची नव्हती. इंग्रजांच्या मुलखात १८४९ सालीच ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या दोन कंपन्यांना असंच पाच टक्क्यांचं वचन मिळालं होतं, जमीन नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली ती प्रसिद्ध गाडीसुद्धा गॅरंटीच्याच रुळांवरून गेली. कंपनीला तोट्याची भीती नसल्यावर ती काटकसर कशाला करील, असा साधा प्रश्न पुढं पुष्कळांनी विचारला. हैदराबादेत हा प्रश्न विचारणं महागात पडलं. १८८३ मध्ये रेल्वेच्या या योजनेचे कागद लोकांपुढं ठेवा, चर्चा होऊ द्या, असं म्हणणाऱ्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. हैदराबादच्या कॉलेजचे प्रमुख, शास्त्रातले डॉक्टर, सरोजिनी नायडूंचे वडील. संस्थानानं त्यांना हद्दपार केलं. एका गॅरंटीबद्दल शंका काढली म्हणून माणूस घर सोडून गेला, हे वाचल्यापासून दुकानातलं गॅरंटी कार्ड हातात घेताना मला उगाच जबाबदारी वाटते.

टिकण्याचे शब्द हे बहुतेक वेळा पैशाचे, हक्काचे शब्द असतात, असं मला तेव्हापासून वाटू लागलं. वस्तूकडं बघून ते सुचत नाहीत. कुणीतरी कुणालातरी काही देणं लागतो, आणि ते बुडेल अशी धास्ती असते, तिथं ते जन्मतात. इंग्रजी शब्दांवरच हा आळ घालायचं कारण नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. त्यानं भिक्षुसंघाला तीन हजार कार्षापणांची ‘अखयनीवि’ दिली, अक्षय ठेव. मुद्दल कुणी मागायचं नाही, व्याज तेवढं खायचं. दोन हजार गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडं दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडं शेकडा पाऊण दरानं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशोब करून बघा, वर्षाचे दोनशे चाळीस बरोबर जमतात. श्रेणी गेली, संघ गेला, नाणं गेलं. अक्षय काय राहिलं, तर हिशोब. तोही तंतोतंत.

मग मधल्या काळातले वतनाचे कागद घ्या. आचंद्रार्क, लेकराचे लेकरी, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनं. इनामाच्या दगडावर वर चंद्रसूर्य कोरायचे, आणि काही ठिकाणी खाली गाढवाची शिवी, म्हणजे मोडणाऱ्याच्या आईचा उद्धार चित्रासकट. निझामी अमलात त्याच अर्थाची सनद फारसीतून यायची : नसलन बाद नसलन, पिढी मागून पिढी. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं. पुढच्याच वर्षी जहागिरी गेल्या, १९५४ च्या कायद्यानं इनामंही मोडली. चंद्र आणि सूर्य दोघंही हजर होते. वरच्या आळीत एका घरात अशी एक सनद जाड पुठ्ठ्यात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली होती. घरातल्या म्हाताऱ्यांना ती वाचता येत नव्हती, आणि वाचून उपयोगही नव्हता, पण दिवाळीला ट्रंक आवरताना ती बाहेर निघायची आणि पुन्हा तशीच आत जायची.

पण मला सांगायचं आहे ते रुळाबद्दल. रेल्वेच्या भाषेत रूळ, स्लीपर आणि खाली अंथरलेली खडी या सगळ्याला मिळून परमनंट वे म्हणतात. नाव बांधकामातून आलं. नवी लाइन टाकताना माती, दगड वाहून न्यायला आधी तात्पुरते रूळ टाकत. भराव बसला की ते काढून खरे रूळ पडत, ते परमनंट. त्यांच्यावरचा साहेब म्हणजे परमनंट वे इन्स्पेक्टर. आता त्याचं हुद्द्याचं नाव बदललंय, पण आमच्याकडं अजून पीडब्ल्यूआय साहेबच चालतो. लहानपणी आम्ही तो एकच शब्द समजायचो आणि त्याचा अर्थ ‘टोपी घातलेला’ असा लावायचो.

गावात रेल्वेतून रिटायर झालेले एक मामा आहेत. गँगमन म्हणून लागले, मग की-मन झाले, शेवटी मेट, म्हणजे गँगचे म्होरके. एकदा त्यांना म्हटलं, मामा, तुमच्या कामाच्या जागेचं नावच परमनंट. ते खो खो हसले.

“अरं बापू, रूळ काय जाग्यावर राहतो व्हय? उन्हाळ्यात लांबतो, थंडीत आखडतो, पावसाळ्यात खालची माती पळती. गाडी गेली की हलला. तो परमनंट असता तर मला कोण पगार देत होतं?”

मीटर गेजच्या दिवसांत की-मनचं काम असं. हद्द पाच-सहा किलोमीटरची. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत सुट्या चाव्या, लाल-हिरवी झेंडी, आणि फटाके. हे फटाके म्हणजे रुळावर बसवून ठेवायचे. पुढं धोका असला की इंजिन वरून जाताना ते वाजतात आणि ड्रायव्हर गाडी उभी करतो. सकाळी उजाडता उजाडता निघायचं. जाताना एका रुळाकडं बघत जायचं, येताना दुसऱ्याकडं. लोखंडी स्लीपरात रुळाला धरून ठेवणारी पाचरीसारखी चावी असते, ती गाडीच्या हादऱ्यानं सैल होते. प्रत्येक चावी डोळ्यानं बघत गेलं तर दिवस पुरणार नाही, म्हणून मामा हातोड्यानं ऐकत जात. घट्ट चावी खणकते, सैल चावी बद्द वाजते. कानाला बद्द आलं की थांबायचं, दोन घाव घालायचे, पुढं. रुळांचे सांधे जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट बघायचे, रुळाला तडा बघायचा. रोज. रविवार-सोमवार नाही, पोळा-पंचमी नाही. की-मन सुट्टीवर गेला तर बदली माणूस जायचा, पण रूळ बिनबघता राहायचा नाही.

त्यात आमची माती. परभणीची काळी जमीन कापसाला सोनं, बांधकामाला वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या पाऱ्यात रूळ लांबायला बघतो, आषाढात भराव खचायला बघतो. पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची, कंदील घेऊन. ओढ्याला पाणी किती आलं, पुलाच्या दगडाला लागलं का, हे बघत जायचं आणि हद्द संपली की पलीकडच्या गस्तवाल्याला भेटून परतायचं. मामा सांगतात, अंधारात समोरून कंदील हलताना दिसला की जिवात जीव यायचा. दिसला नाही तर पाय चालत नसत, पण तिकडंच जावं लागायचं.

खडीखाली बीटर मारून स्लीपर पुन्हा पातळीत आणणं, याला पॅकिंग म्हणतात. अख्खी गँग एका लयीत बीटर मारते. मेट एक शब्द ओढतो, बाकीचे तो झेलतात. मामांनी मला तो शब्द म्हणून दाखवला, पण इथं लिहिण्यासारखा नाही.

हे सगळं करून ती परमनंट लाइन नव्वद-पंच्याण्णव वर्षं टिकली, आणि मग उखडली गेली. तिच्यात बिघाड झाला होता म्हणून नव्हे. १९९० नंतरच्या काही वर्षांत मनमाडकडून ब्रॉड गेज सरकत सरकत आलं. मीटर गेजचा रूळ निघाला, स्लीपर निघाले, अरुंद डबे गेले. लिलाव झाले. लाकडी स्लीपर जिथं मिळाले तिथं लोकांनी त्यांच्या चौकटी केल्या, बाजा केल्या, गोठ्यात मेढी रोवल्या. ते लाकूड इतकं तेल प्यालेलं असतं की खिळा शिरत नाही आणि वाळवीही फिरकत नाही. रुळांचे तुकडे कुणाच्या विहिरीवर गेले, कुणाच्या कुंपणात.

एक तुकडा आमच्या शाळेत घंटा म्हणून टांगलेला होता, उखडापाखडीच्या बराच आधीपासून. हातभर लांब, वरून भोक पाडून तारेनं लिंबाला बांधलेला. रूळ घडवताना त्याच्या कुशीवर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. आमच्या तुकड्यावर तीन इंग्रजी अक्षरं होती आणि नंतर १८. पुढचे दोन आकडे कापताना गेले. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा ती तीन अक्षरं आम्ही भाल्यासारखी पुस्तकातल्या प्रत्येक शब्दात खुपसून पाहिली, कुठंच बसली नाहीत. ‘अठराशे किती?’ यावर पैजा लागायच्या. शिपाईमामा रोज एकाच जागी सळई मारायचे, तिथं लोखंड चांदीसारखं चकचकीत झालं होतं, बाकी सगळा रंग वाळल्या चिंचेचा. लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळाले, वीस वर्षं मिळाले, त्याचे वारस कोण आणि कुठं कुणाला ठाऊक. ज्याची कुणी गॅरंटी दिली नव्हती तो तुकडा मधल्या सुट्टीची घंटा देत राहिला.

वस्तूला परमनंट म्हणणारे रेल्वेवाले तेवढेच. गावात हा शब्द माणसाला लावतात. “पोरगं परमनंट हाय का?” सोयरिकीच्या बैठकीत जमीन किती, भाऊ किती, हे प्रश्न नंतर. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं, तेव्हापासून तर आसपासच्या गावांत ‘विद्यापीठात परमनंट’ ही एक वेगळीच प्रत झाली, म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस. रोजंदारीवाला त्याच वाफ्यात त्याच खुरप्यानं काम करायचा, पण त्याला मुलगी देताना बाप रात्रभर तळमळायचा. इंग्रजीतल्या हजारो शब्दांतून गावानं उचलून आपल्या देव्हाऱ्यात ठेवलेला हा शब्द आहे. त्याला मराठी प्रतिशब्द शोधून देणाऱ्यांनी आधी एखाद्या वधुपित्याला विचारावं.

सरकारला या शब्दाची ताकद कळली, तेव्हापासून त्यानं तो जपून वापरायला सुरुवात केली. २००० साली शिक्षणसेवक आले. प्राथमिक शाळेत महिना तीन हजार मानधन, तीन वर्षं, मग कायम. पुढच्याच वर्षी त्याहून अचाट प्रकार आला : नव्या शाळांना परवानगी मिळाली ती ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर. हा मराठी शासकीय गद्यातला माझा सगळ्यात आवडता शब्दप्रयोग आहे. ‘कायम’ हा शब्द इतकी शतकं मिळण्याच्या बाजूनं उभा राहिला, कायम वतन, कायम नोकरी, कायम पत्ता. इथं पहिल्यांदा तो न मिळण्याच्या बाजूला गेला. त्या शाळांतल्या गुरुजींना पगार नाही, ही गोष्ट कायम. मराठवाड्यात अशा शाळा गावोगाव निघाल्या, आणि डी.एड., बी.एड. झालेली पोरं तिथं ‘आज ना उद्या’ म्हणत उभी राहिली. सकाळी शाळा, दुपारून कुणाच्या दुकानात, सुगीत स्वतःच्या रानात.

२००९ मध्ये शासननिर्णय निघाला आणि ‘कायम’ हा शब्द वगळला. एक शब्द खोडला, बस. त्यानं शाळा अनुदानाच्या रांगेत उभ्या राहायला पात्र झाल्या. मग रांग सरकू लागली, वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी. गावात आता शिक्षकाचा परिचय देताना लोक म्हणतात, “ते चाळीस टक्क्यावर हैत.” परक्या माणसाला वाटेल गुण सांगताहेत. आणि जे खरोखर परमनंट झाले त्यांच्यातही एक रेघ आहे, १ नोव्हेंबर २००५ ची. तिच्या आधी लागलेल्यांना मरेपर्यंत जुनी पेन्शन, नंतर लागलेल्यांचा बाजारावर हवाला होता. मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, ते परमनंट माणसांचं आंदोलन होतं. परमनंट पुरेसं परमनंट नाही म्हणून.

टिकण्याच्या शब्दांतला आणखी एक म्हणजे लाइफटाइम. त्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची गोष्टच थोडक्यात आटपली. २००५ संपता संपता मोबाइल कंपन्यांनी ९९९ रुपयांत लाइफटाइम इनकमिंग काढलं. एकदा भरा, जन्मभर फोन घ्या. गावात लोकांनी कापसाच्या पैशातून म्हाताऱ्यांना कार्डं घेऊन दिली. लाइफटाइम कुणाचा, हे विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या मनात आलं, आणि खुलासा झाला तो असा की आयुष्य गिऱ्हाइकाचं नव्हे, कंपनीच्या लायसन्सचं. लायसन्स आहे तोवर लाइफ. २०१८ च्या अखेरीला मोठ्या कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्ज सुरू केला आणि इनकमिंग त्यालाच बांधलं. आमच्याकडं एक आजी तेव्हा हयात होत्या, ठणठणीत. त्यांचा लाइफटाइम त्यांच्याआधी संपला. “मला तं कुणी सांगितलं बी नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

आता घराबद्दल, आणि इथं मला माझंच म्हणणं अडवतं.

रुळाची गोष्ट ऐकल्यावर कुणालाही वाटेल की रोज निगा राखा म्हणजे टिकतं. मलाही तसंच वाटायचं. मराठवाड्यातलं जुनं घर माळवदाचं. दोन-अडीच हात रुंद दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यावर किलचं, वर मातीचा थर. उन्हाळ्यात आत माठात बसल्यागत गारवा. घर किती मोठं हे खणांवर सांगायचे. दरसाल मृगाच्या आधी गावाच्या पांढरीवरून माती आणायची, माळवदावर पसरायची, चोपायची, म्हणजे गळत नाही. हे काम टाळणं म्हणजे आळशीपणाची हद्द. चांगला घरधनी कोण, तर ज्याचं माळवद दरवर्षी मातीनं लिंपलेलं. एका पिढीनं टाकली, दुसऱ्या पिढीनं टाकली. गळू नये म्हणून टाकायची ती. कुणी काढली नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली ती जमीन हलली म्हणून कमी आणि डोक्यावर पिढ्यांनी साठवलेली माती व बाजूला चिखलात रचलेले दगड होते म्हणून जास्त. ज्याची निगा जास्त राखली त्याचं छप्पर जास्त जड. हे वाक्य लिहायला मला आजही बरं वाटत नाही. धक्का परभणीलाही जाणवला. पुढं कितीतरी रात्री लोक अंगणात, रानात, रेल्वेच्या मोकळ्या जागेत झोपले. घर नावाच्या गोष्टीवरचा भरवसा उडणं म्हणजे काय ते मराठवाड्यानं त्या वर्षी पाहिलं.

त्यानंतर गावात ‘आरसीसी’ आणि ‘स्लॅब’ हे शब्द ज्या तऱ्हेनं बसले ती साधी हौस नव्हती, ती धास्ती होती. माळवदावरची माती उतरली, पत्रे आले, पैसे असतील तिथं कॉलम उभे राहिले. स्लॅब आमच्या बोलीत ‘पडतो’. “परवा स्लॅब पडला” म्हटलं की गावातला माणूस पेढा मागतो आणि पुण्यातला पाहुणा दचकून विचारतो, कुणाला लागलं का. काळ्या मातीत पाया नीट न भरता उभा केलेला कॉलम दोन पावसाळ्यांत तिरपा होतो, भिंतीला कोपऱ्यातून वर चढणारी चीर पडते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी गवंड्याला विचारा, तो म्हणतो साठ वर्षं हात लावायला नको. हात लावायला नको, हेच तर हवं असतं लोकांना. मला त्यांची चूक वाटत नाही. दरसाल माती चोपून ज्यांचे हात गेले, आणि एके पहाटे तीच माती ज्यांनी उपसली, त्यांना एकदाच पैसे भरून विसरून जाता येईल अशी वस्तू हवी असेल तर त्यांना निगा राखण्याचं तत्त्वज्ञान कोणत्या तोंडानं सांगायचं?

मामांना मी हे सगळं बोलून दाखवलं. ते बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, की-मनच्या पिशवीत नव्या चाव्या असतात तशा परतीला जुन्या असतात. घासलेली चावी ठोकून ठोकून बसवत राहिलं तर ती एक दिवस सगळ्यांना घेऊन जाते. ती काढून साहेबापुढं टाकायची, मोजून. “माळवदाला कुणी साहेब नव्हता,” ते म्हणाले. मला वाटतं या विषयावर मी जे वाचलं त्यात इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

आता आमच्याकडच्या लाइनवर वेल्डिंग केलेले लांबलचक रूळ आहेत, सिमेंटचे स्लीपर आहेत. सांध्यांची ती खडखड, जिच्यावर आम्ही लहानपणी पाढे म्हणायचो, जवळजवळ गेली. पॅकिंग मशीन करतं. तरी रूळ चालत बघणारा माणूस आहेच, त्याला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. त्या नावात परमनंट कुठंच नाही. २०२५ साली छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुसरी लाइन टाकायला मंजुरी मिळाली. म्हणजे आमच्या शिवारात पुन्हा एकदा आधी तात्पुरतं आणि मग परमनंट असं काहीतरी पडेल.

मामांचा नातू रेल्वेच्या कामावर जातो. आजाच्याच हद्दीत, त्याच भरावावर. खडी ओढतो, स्लीपर सरकवतो. हजेरी मात्र ठेकेदाराच्या वहीत. गेल्या लग्नसराईत मानवतकडचे पाहुणे आले होते. पोरगं उंचपुरं, कामसू, निर्व्यसनी. पाहुण्यांच्या मनात भरलं. पोहे झाले. मग मुलीच्या मामांनी कपबशी खाली ठेवून तो प्रश्न विचारला.

“रेल्वेत म्हणता. परमनंट?”

“काम परमनंट वेवर हाय,” मामा म्हणाले.

पाहुणे समजले ते भलतंच, आणि खूश झाले. पोरानंच मध्ये तोंड घातलं. “ठेकेदाराकडं हाय मी. दुसरी लाइन पडेस्तोवर काम हाय म्हणतेत, पुढचं काय सांगता येत नाही.”

“कळवतो,” म्हणून पाहुणे साडेचारच्या गाडीला निघाले. मामा त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले, आणि प्लॅटफॉर्मवर उभे राहून, कुणी विचारलं नसताना, रुळाच्या पातळीबद्दल बोलत राहिले.